नावांचे दफ्तर : ‘डॉट इन’ नोंदणीची वाटचाल

महाराष्ट्रात खेड नावाची गावे एकाहून अधिक आहेत, आणि त्यांपैकी जगबुडीच्या काठी वसलेल्या आमच्या खेडच्या रहिवाशाला आपला ठिकाणा ‘तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी’ असा पूर्ण सांगितल्यावाचून गत्यंतर नसते. कारण पुणे जिल्ह्यातील खेडला हुतात्मा राजगुरूंच्या स्मरणार्थ राजगुरुनगर हे नाव मिळाले तरी तेथील तालुका खेडच राहिला, आणि पुणे–सातारा रस्त्यावरचे खेड-शिवापूर आपले निराळे अस्तित्व राखून आहेच. टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडाची योजना अमलात आणल्यावर ४१५७०९ या आकड्याने आमच्यापुरता हा घोटाळा पुष्कळ अंशी मिटवला. संगणकांच्या जाळ्यात मात्र अशा तडजोडीला वाव नाही. तेथे एका नावाचे दोन धनी संभवतच नाहीत. जो प्रथम मागेल त्याला नाव मिळते, आणि ते कोणाला दिले याची नोंद एकाच दफ्तरात राहते. भारताच्या वाट्याला आलेले ते दफ्तर म्हणजे ‘डॉट इन’ची नोंदणी. १६ फेब्रुवारी २००५ रोजी तिचे दरवाजे सर्वसामान्यांस खुले झाले; त्या घटनेस वीस वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने तिचा इतिहास लिहिण्याची कामगिरी संपादकांनी राजधानीतील कोणा तज्ज्ञाकडे न देता कोकणातील एका तालुक्याच्या गावी धाडली, यात त्यांचा हेतू बहुधा हाच असावा की, दफ्तराची खरी पारख ते ठेवणाऱ्यापेक्षा त्यात नाव शोधीत येणाऱ्याला अधिक असते.

१९८० ते १९९० : सनद

जाळ्यातील प्रत्येक संगणकाची खरी ओळख म्हणजे आकड्यांची एक माळ; ती यंत्राला सोयीची असली तरी माणसाच्या स्मरणशक्तीला जाचक होते, म्हणून अमेरिकेत प्रारंभापासूनच आकड्यांच्या जोडीने नावे लावण्याचा प्रघात पडला. या नावांची यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ठेवीत असत, आणि जाळ्यातील यंत्रे ती वेळोवेळी उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढू लागताच एका जागी ठेवलेली एक यादी पुरी पडेना. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी अशी रचना सुचवली की, सर्व नावे एकाच ठिकाणी न ठेवता त्यांची उतरंड करावी, सर्वांत वरच्या दफ्तराने फक्त खालच्या दफ्तरांचे पत्ते सांगावेत, आणि प्रत्येक दफ्तराने आपल्या हद्दीतील नावांपुरते उत्तरदायी असावे. आज खेडच्या बाजारपेठेत कोणी मोबाइलवर एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाइप करतो तेव्हा त्याची पृच्छा प्रथम मूळ सर्व्हरकडे, तेथून ‘इन’च्या सर्व्हरकडे आणि तेथून त्या विशिष्ट नावाच्या सर्व्हरकडे जाते, आणि हा सर्व प्रवास डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरा होतो, तो या रचनेच्या बळावर. एकदा मिळालेले उत्तर काही काळ जवळ ठेवण्याची मुभा असल्यामुळे दर वेळी वरपर्यंत जावेही लागत नाही.

देशांसाठी दोन अक्षरी संक्षेप निवडण्याचा प्रश्न आला तेव्हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन पोस्टेल यांनी, देश कोणता आणि कोणता नाही हा वाद स्वतःच्या अंगावर न घेण्याच्या शहाणपणाने, आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची तयार यादीच स्वीकारली. तीत भारताचा संक्षेप ‘आयएन’ असा होता. ८ मे १९८९ रोजी तो जाळ्याच्या मूळ नोंदीत दाखल झाला, आणि त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे आला.

ही संस्था अकस्मात उपटलेली नव्हती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संगणकशास्त्राची जी परंपरा रुजली होती, तिच्याच एका शाखेला १९८५ मध्ये स्वायत्त रूप मिळून ती जुहूला आली आणि डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक झाले. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभारण्यास आरंभ केला. त्यात हा विभाग स्वतः, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि जुहूची ही संस्था असे आठ भागीदार होते. परदेशाशी होणारा पत्रव्यवहार जुहूच्या यंत्रातून व्हर्जिनियातील यूयूनेट या सेवादात्यापर्यंत जाई, आणि त्या काळच्या दूरध्वनी तारांचे स्वास्थ्य ज्यांना आठवते त्यांना तेथील मंडळींच्या चिकाटीची कल्पना वेगळी द्यावयास नको. रमणी यांचे नाव २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समाविष्ट झाले, परंतु त्यांच्या मागे असलेल्या, रात्री-अपरात्री यंत्रे जागती ठेवणाऱ्या अभियंत्यांचा उल्लेख कोणत्याही दालनात सापडत नाही, तो येथे सामुदायिक कृतज्ञतेने करणे उचित होय.

१९९० ते २००० : कागदपत्रांचा अंमल

१९९४ मध्ये पोस्टेल यांनी या कारभाराचे जे नियम शब्दबद्ध केले, त्यांतील एक तत्त्व आमच्या मते सर्वांत मोलाचे आहे. देशाच्या नावाचा कारभार ज्याच्याकडे आहे तो त्या नावाचा मालक नसून त्या देशाचा आणि जगातील सर्व वापरकर्त्यांचा विश्वस्त आहे, आणि म्हणून त्याने हक्काची भाषा न करता सेवेची आणि जबाबदारीची भाषा करावी, असा त्याचा आशय. ज्या काळी असल्या नावांची बाजारात कवडीचीही किंमत नव्हती त्या काळी हे लिहिले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील दूरदृष्टीचे विशेष कौतुक वाटते.

जुहूच्या विश्वस्तांनी हे व्रत पाळले, पण ते पाळताना कडकपणा कांकणभर अधिकच केला. थेट ‘डॉट इन’ला लागून नाव देण्याचा शिरस्ता नव्हता, व्यापारी संस्थेने ‘को डॉट इन’खाली, जाळ्याच्या सेवा पुरविणाऱ्यांनी ‘नेट डॉट इन’खाली, सार्वजनिक संस्थांनी ‘ऑर्ग डॉट इन’खाली अर्ज करावा, संस्था भारतात रीतसर नोंदलेली असावी, कागदपत्रे जोडावीत, आणि मागितलेले नाव त्या कागदपत्रांतील नावाशी जुळावे, असा दंडक असे. विद्यापीठांची आणि संशोधनसंस्थांची नावे ‘अर्नेट’कडे, तर शासकीय ‘गव्ह डॉट इन’ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, अशी वाटणी झाली. ती आजतागायत टिकून आहे, आणि रत्नागिरीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचे संकेतस्थळ याच शासकीय शाखेवर नांदते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. मुंबईच्या ग्राहकाला तेव्हा जो पत्ता मिळे त्यात ‘जीआयएएसबीएम’ अशी अक्षरे, मागे शून्य आणि एक, त्यामागे ‘व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन’ अशी शेपटी असे, आणि तो पत्ता दूरध्वनीवरून दुसऱ्याला सांगणे ही एक परीक्षाच होती. जोडणीची केंद्रे आरंभी मोठ्या शहरांतच असल्यामुळे कोकणातील हौशी मनुष्याला या सुखासाठी एसटीडीचे मीटर पाहत बसावे लागे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला आणि मुंबई खेडच्या जवळ आली, पण नावांच्या बाबतीत ती होती तेवढीच दूर राहिली. परिणामी भारतीय व्यापाऱ्यांनी आणि उद्योजकांनी, फारशी विचारपूस न करणाऱ्या ‘डॉट कॉम’चा रस्ता धरला. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत ‘डॉट इन’खाली नोंदली गेलेली नावे अवघी सात हजारांच्या घरात होती. शंभर कोटींच्या देशाला ही संख्या शोभणारी नव्हती. तथापि या सात हजारांत खोटे, फसवे नाव शोधूनही सापडणे कठीण होते, हेही त्याच पारड्यात टाकले पाहिजे.

नावाला किंमत आली याची पहिली जाणीव न्यायालयांना झाली. १९९९ मध्ये रेडिफ या मुंबईच्या कंपनीने, तिच्या नावात एकाच अक्षराचा फरक करून ‘रॅडिफ’ असे नाव घेणाऱ्या प्रतिपक्षाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि संकेतस्थळाचे नाव हे केवळ ठिकाण नसून व्यापारी ओळख आहे, असे मानून न्यायालयाने तिला संरक्षण दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात हाच विचार देशभर लागू केला.

२००० ते २०१० : दरवाजे उघडतात

या दशकाच्या आरंभी दोन स्थित्यंतरे घडली. जुहूची संस्था पुण्याच्या सी-डॅक या संगणन-संस्थेत विलीन झाली. आणि १९ जून २००३ रोजी ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’, अर्थात ‘निक्सी’, ही नफा न वाटणारी कंपनी कंपनी कायद्याच्या पंचविसाव्या कलमान्वये स्थापन झाली. तिचे मूळ प्रयोजन नावांशी संबंधित नव्हते. एका भारतीय सेवादात्याच्या ग्राहकाने दुसऱ्या भारतीय सेवादात्याच्या ग्राहकास पाठविलेला मजकूर परदेशात जाऊन परत येई, आणि त्या व्यर्थ यात्रेचे भाडे डॉलरमध्ये मोजावे लागे. ते थांबवून देशातली रहदारी देशातच फिरवावी, यासाठी दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता येथे देवघेवीची केंद्रे उभारण्यात आली. अशा तटस्थ संस्थेकडेच नावांचे दफ्तरही सोपवावे, असे शासनाने ऑक्टोबर २००४ च्या धोरणाने ठरविले. दफ्तर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काही मुद्द्यांवर मतांतरे झाली असतील, नव्हे, इतक्या विद्वानांच्या मेळाव्यात ती न होती तरच नवल; परंतु उभय पक्षांनी हस्तांतर सुरळीत पार पाडले, आणि त्याचा तपशील उगाळण्याचे हे स्थळ नव्हे.

१ ते २१ जानेवारी २००५ या मुदतीत नोंदणीकृत व्यापारचिन्हांच्या धन्यांना आपापली नावे राखून घेण्याची संधी देण्यात आली आणि १६ फेब्रुवारीला नोंदणी सर्वांस खुली झाली. ‘को’, ‘नेट’, ‘ऑर्ग’ या मधल्या पायऱ्या ऐच्छिक ठरल्या आणि कोणासही थेट ‘डॉट इन’ला लागून नाव मागता येऊ लागले.

नव्या व्यवस्थेचे स्वरूप रत्नागिरी जिल्ह्यातील वाचकाला समजावून सांगणे फारसे अवघड नाही, कारण रयत आणि सरकार यांच्यामध्ये खोत उभा असण्याचा अनुभव या जिल्ह्याने १९४९ च्या खोती निर्मूलनाच्या कायद्यापर्यंत पिढ्यान् पिढ्या घेतला आहे. मूळ दफ्तर निक्सीकडे. नाव घेणारा ग्राहक मात्र थेट दफ्तरात जात नाही, तर मान्यताप्राप्त रजिस्ट्रारकडे जातो, तो शुल्क घेतो, दफ्तराचा वाटा दफ्तरात भरतो आणि ग्राहकाच्या नावे नोंद घालतो. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की हा मध्यस्थ पसंत न पडला तर ग्राहक आपले नाव उचलून दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाऊ शकतो. खोताच्या अमलाखालील कुळाला हे स्वातंत्र्य कधीच नव्हते. मुंबईच्या डायरेक्टीसारख्या कंपन्यांनी या धंद्यात आपले पाय जगभर रोवले.

नाव कायमचे मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने मिळते, मुदतीअखेर नूतनीकरण न केल्यास काही दिवसांच्या सवलतीनंतर काढून घेतले जाते, आणि मग मागेल त्याचे होते. तालुक्याच्या ठिकाणी या बाबतीत जी फसगत सर्रास आढळते ती दफ्तराच्या दोषाने नव्हे. एखादी पतसंस्था किंवा शाळा ओळखीच्या होतकरू तरुणाकडून संकेतस्थळ करून घेते; तो सोयीसाठी नाव स्वतःच्याच ईमेलवर नोंदवतो, नोकरीनिमित्त पुण्यास जातो, आणि तीन वर्षांनी मुदत संपल्याची सूचना अशा पेटीत जाऊन पडते की जी कोणी उघडीत नाही. दफ्तरात ज्याचे नाव, त्याचाच हक्क. मग संचालक मंडळाचे ठराव कितीही एकमताने झालेले असोत.

तंटे मिटविण्यासाठी २००५ मध्येच स्वतंत्र धोरण जाहीर झाले. तक्रारदाराने तीन गोष्टी सिद्ध करावयाच्या: नाव आपल्या व्यापारचिन्हाशी एकरूप किंवा भ्रम उत्पन्न करण्याइतके सदृश आहे, प्रतिपक्षाला त्यावर वैध अधिकार नाही, आणि ते दुष्ट हेतूने घेतले किंवा वापरले आहे. निवाडा १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे एक लवाद करतो, त्यामुळे दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या बहुधा झिजवाव्या लागत नाहीत.

मार्च २०१० पर्यंत नोंदींची संख्या सहा लाख दहा हजारांपलीकडे गेली होती, आणि त्यांतील सुमारे चाळीस टक्के नावे परदेशस्थांची होती. त्या सर्वांना भारताविषयी प्रेम दाटून आले होते असे नव्हे. इंग्रजीत ‘इन’ने संपणारी आखूड नावे त्यांना सोयीची वाटत, लिंक्डइन कंपनीचा आखूड दुव्यांचा पत्ता याच जातीचा आहे.

२०१० ते २०२० : देवनागरीचा प्रवेश

ऑक्टोबर २०११ मध्ये दहा लाखांचा आणि मार्च २०१६ पर्यंत वीस लाखांचा टप्पा ओलांडला गेला; पण या दशकाचे खरे भूषण आकड्यांत नाही. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ सुरू झाले आणि हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी, बोडो, डोगरी, मैथिली व सिंधी या आठ भाषांना आपल्या लिपीत पत्ता मिळाला. पुढे अन्य भारतीय लिपींचीही सोय झाली.

हे काम वाटते तितके सरळ नव्हते. जाळ्याची मूळ यंत्रणा रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ यांपलीकडे काहीच ओळखत नाही. म्हणून देवनागरी नावाचे पडद्यामागे एका सांकेतिक रोमन नावात रूपांतर करावे लागते, आणि खुद्द ‘भारत’ हा शब्द मूळ दफ्तरात ‘एक्सएन’, दोन आडव्या रेघा आणि ‘एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी’ अशा वेषात वावरतो. याहून कठीण प्रश्न अक्षरांच्या साम्याचा होता. आमच्याच गावाचे उदाहरण घ्यावे: ‘ख’ काढताना ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवले, तर बारीक टायपात ‘खेड’ आणि ‘रवेड’ यांतील भेद चष्मा लावूनही उमजू नये, आणि बँकेच्या नावात अशी युक्ती कोणी केली तर काय अनर्थ ओढवेल हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्यात मराठीची आणखी एक खोड अशी की, येथे दर्या निराळा आणि दऱ्या निराळ्या. समुद्र व सह्याद्री यांच्यामध्ये राहणाऱ्या माणसाला दोन्ही लागतात, पण हिंदीच्या सोयीने आखलेल्या तक्त्यात या दुसऱ्या ‘ऱ्या’ची आठवण कोणी तरी आवर्जून द्यावी लागते. कोणती अक्षरे चालावीत, कोणती जोडी वर्ज्य मानावी, याचे तक्ते सिद्ध करण्यात सी-डॅकच्या भाषातंत्रज्ञांनी आणि नंतर आंतरराष्ट्रीय समितीत बसलेल्या भारतीय लिपितज्ज्ञांनी जो खल केला, त्याचे श्रेय कोणा एकाला देता येत नाही. पण नोंदणीच्या साऱ्या इतिहासात आम्हाला सर्वाधिक आदर वाटतो तो या कामाबद्दल.

लोकांनी मात्र या सोयीचे स्वागत बेताचेच केले. दुकानाची पाटी मराठीत लावणारा व्यापारीही संकेतस्थळाचे नाव रोमनमध्येच घेतो, आणि त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. कारण देवनागरी पत्ता पुष्कळ अर्जांच्या रकान्यांत बसत नाही आणि यंत्र त्याला ‘अवैध’ म्हणून परत फिरवते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला पाच जिल्ह्यांपुरते भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा संकेतस्थळाच्या नावातील ‘हापूस’ही आता आपलाच झाला, असा काही बागायतदारांचा समज होणे स्वाभाविक होते. तसे नाही. मानांकनाचे दफ्तर वेगळे आणि नावांचे दफ्तर वेगळे. दुसऱ्यात प्रथम येणारा प्रथम असतो, आणि पहिल्याचा हुकूम दुसऱ्यावर आपोआप चालत नाही.

तांत्रिक बाजू २००५ पासून अॅफिलियस ही कंपनी सांभाळीत होती. दशकाच्या अखेरीस नवी निविदा निघून ते काम न्यूस्टारकडे गेले. त्या प्रसंगी काही प्रश्न उपस्थित झाले आणि यथाकाल निकालात निघाले. वीस लाखांहून अधिक नावांचे दफ्तर एका यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत हलवताना सामान्य वापरकर्त्याला त्याचा पत्ताही लागला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

२०२० नंतर : पुन्हा ओळखपत्र

२०२० च्या टाळेबंदीत बाजार समित्यांची वाट खुंटली तेव्हा जिल्ह्यातील अनेक आंबा बागायतदारांनी पेटी थेट ग्राहकाकडे पाठविण्याचा मार्ग पत्करला, आणि ज्यांनी पूर्वी संकेतस्थळ ही चैन मानली होती त्यांनी ते घाईने उभारले. त्याच काळात फसव्या संकेतस्थळांचाही सुळसुळाट झाला. बँकेच्या नावात एखादे अक्षर पुढेमागे करून लोकांचे पैसे उपटण्याचे प्रकार वाढले, आणि म्हणून दफ्तराने ग्राहकाची ओळख पडताळण्याचा आग्रह नव्याने धरला. जुहूच्या कागदपत्रांचा शिरस्ता, ज्याला २००५ मध्ये निरोप दिला होता, तो अशा रीतीने आधार आणि पॅनच्या रूपाने परत आला. आमच्या अल्पमतीप्रमाणे तो पूर्णपणे सोडणे ही उतावीळ होती. मात्र तो इतका जड होऊ नये की खेडचा बागायतदार पुन्हा ‘डॉट कॉम’कडे वळेल.

रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी केवळ बँकांसाठी राखीव अशा ‘बँक डॉट इन’ची घोषणा केली आणि त्याची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत ठेवली. सर्व बँकांनी, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांसह, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या नव्या पत्त्यावर यावे असा आदेश निघाला. त्यामुळे ग्रामीण खातेदाराच्या हाती प्रथमच एक सोपी खूण आली: पत्त्याच्या शेवटी ही दोन पदे नसतील तर तेथे खात्याचा क्रमांक लिहू नये. पतसंस्था मात्र बँका नव्हेत, त्यांना हा पत्ता मिळत नाही, आणि त्यांच्या सभासदांनी तो नसल्याचे पाहून घाबरून जाऊ नये, असे आमच्या भागातील चिटणीसांना आताच सांगत राहावे लागणार आहे.

तांत्रिक व्यवस्था आता टूकाउज या कॅनडातील कंपनीकडे आली आहे. नावांच्या जोडीने जाळ्यातील आकड्यांच्या वाटपाचे काम २०१२ पासून निक्सीच्याच एका शाखेकडे आहे. दर वर्षी मार्चमध्ये सर्व लिपींतील पत्ते सर्व यंत्रांनी स्वीकारावेत यासाठी जगभर एक दिवस पाळला जातो आणि त्यात निक्सीचाही सहभाग असतो. मराठीत पत्ता घेतलेल्या संस्थेने त्या दिवशी निदान आपल्या नगरपरिषदेच्या, विद्यापीठाच्या आणि बँकेच्या अर्जात तो भरून पाहावा, आणि नाकारला गेल्यास तशी लेखी तक्रार करावी. अशा तक्रारी येतील तेव्हाच अर्जाचे ते रकाने बदलतील.